पट्टीवर न उमटलेला रंग

विश्रामभाऊ गेल्याची बातमी मी काम करतो त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत फोनवर आली. फोन त्यांच्या मुलीचा, रेखाचा होता. "काका, अण्णा गेले…" एवढंच बोलून तिनं रिसीव्हर शेजाऱ्यांकडे दिला. पायाच्या जखमेचं विष रक्तात पसरलं होतं. गुडघ्याखाली पाय कापूनही ते थांबलं नाही. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

विश्रामभाऊ मूळचे अमळनेरकडचे, माझ्याच गावचे. सुरतेत ते उधना भागात राहायचे आणि जवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात कलर मास्तर होते. व्यापाऱ्यानं आणलेल्या चिंधीकडे नुसतं पाहून कोणता रंग किती घालायचा हे ते सांगत. एखादा तागा बिघडला तर हायड्रोस नावाची पावडर गरम पाण्यात टाकून त्याचा रंग उतरवायचा आणि तो पुन्हा रंगवायचा, हे रोजचं काम. मधुमेह निघाला तेव्हा ते पंचेचाळिशीत होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. जेवणाची वेळ चुकली की गोळीनं साखर खाली जायची, घाम फुटायचा. एकदा उकळत्या पाण्याच्या हौदाजवळ चक्कर येऊन ते खाली बसले, आणि ते मालकानं पाहिलं. पुन्हा असं झालं तर नोकरी जाईल, ही भीती तेव्हा मनात शिरली. कसंही करून गोळी सुटायला हवी होती…

त्याच सुमारास आरोग्य पुरवण्यांतून अँटिऑक्सिडंट हा शब्द दिसू लागला होता. शरीरात अन्न जळताना काही घातक कण तयार होतात, ते रक्तवाहिन्यांना इजा करतात. आवळा, पालेभाज्या, हळद यांतली द्रव्यं त्या कणांना निकामी करतात, आणि मधुमेहासारखे विकार दूर ठेवायला त्यांची मदत होत असावी, असं त्यात लिहिलेलं असे. त्यामुळे गोळी सुटते, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. विश्रामभाऊंनी मात्र तसं वाचलं. हिवाळ्यात घरी पिशव्या भरून आवळे येऊ लागले. सकाळ-संध्याकाळ लोटाभर रस, ताटात लाल माठ, बीट, मेथी. हंगाम संपल्यावर खंड पडू नये म्हणून उन्हाळ्यासाठी आवळ्याची पूड करून ठेवली. त्यांची बायको, कमलवहिनी, मला अहिराणीत म्हणाल्या, "हाऊ माणूस दिनभर साड्या रंगवस, आनि घर उना का पोट रंगवस!"

"तू गप बैस. माले माहीत शे," विश्रामभाऊ आतून ओरडले.

त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या, पण आंधळेपणानं नाही. औषधाच्या दुकानात लघवी तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्या ते आणत. साखर असली की पट्टीवरचा चौकोन हिरवा होतो, जास्त असली की तपकिरी. त्यांची पट्टी हलकीशी हिरवी व्हायची. रस सुरू केल्यावर तेवढीही होईना. एका रविवारी त्यांनी पट्टी खिडकीच्या उजेडात माझ्यापुढे धरली.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"हेच म्हणतो मी. अरे, आयुष्य गेलं रंग बघण्यात. माझा डोळा फसणार आहे का?"

उन्हाळ्यात कारखान्यात त्यांच्या पायावर उकळतं पाणी उडालं. साखरेनं पाय बधिर झालेले, त्यांना ते कळलंच नाही. टाचेवरचा फोड घरी वहिनींनी पाहिला. फोडाची जखम झाली, जखम काळी पडली, मग इस्पितळ. रक्त तपासलं तर साखर कितीतरी वाढलेली. माझ्याकडे बोट दाखवत विश्रामभाऊ डॉक्टरांशी भांडले. "साहेब, पट्टी कोरी होती माझी. यांना विचारा."

डॉक्टरांनी आवळा किती घेता ते विचारलं, आणि ऐकून खुर्ची ओढून बसले. आवळ्यात क जीवनसत्त्व असतं, ते लघवीत उतरलं की पट्टीवर रंग उमटू देत नाही, असं त्यांनी समजावलं. साखर असते, दिसत नाही. आवळा वाईट नाही, पालेभाज्याही नाहीत. मुलीला हा आजार होऊ शकतो, तिला हे सगळं जरूर द्या, तुम्हालाही चाललं असतं. पण गोळीबरोबर, गोळीऐवजी नाही.



"म्हणजे हायड्रोसच की…" विश्रामभाऊ म्हणाले. "साखर तिथंच होती. मी नुसता रंग उतरवत बसलो."

पाय कापायच्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो होतो. वहिनींनी आग्रहानं जेवायला वाढलं. भात, वरण, बटाट्याची भाजी. पालेभाजीवाली दारावरून हाक देत गेली, वहिनी उठल्या नाहीत. आवळ्याची पूड त्यांनी दहाव्याच्या आधीच गटारात ओतली होती. रेखाला वडिलांचा आजार होऊ शकतो, तिनं हे सगळं आतापासून खायला हवं, असं डॉक्टर म्हणाल्याची मी त्यांना आठवण करून दिली. त्यांनी माझ्या पानात आणखी भात वाढला.

"भाऊजी, त्या हिरव्या-लालनं माझा माणूस नेला. असली रंगाची भाजी-फळं पोरीच्या ताटात मी वाढणार नाही."

जेवून निघालो. जिन्याखालच्या सामायिक नळाशी रेखा उभी होती. बाजूला कागदात जांभळाच्या बिया. ती बोटानं जांभळी झालेली जीभ घासत होती. मला पाहून दचकली.

"आईला सांगू नका, काका." मग जीभ बाहेर काढून दाखवली. "अजून दिसतंय का?"

"दिसतंय."

तिनं पुन्हा नळ सोडला.