सरहद्दीपलीकडचा नालबंद

नालबंदाची बायको म्हणजे अर्धी नालबंदच. जुन्या नाशकातली गुलजारबी तर पाऊण! नवरा नजीर नाल ठोकायचा तेव्हा भाता तीच ओढायची, आणि नाल वेडावाकडा झाला की चार माणसांत त्याला सुनवायचीही तीच. गोदाघाटावरचे टांगेवाले तिला वचकून असत. अशी ही बाई सावलीला भ्यायला लागली, ती नजीर गेल्यापासून.

देवळालीच्या छावणीतून खेचरांची पलटण वायव्य सरहद्दीच्या लढाईवर निघाली, तिच्याबरोबर नजीर गेला. तिथं एके दिवशी सरहद्दीपलीकडच्या टोळीवाल्यांनी त्याला हत्यारांसकट उचलून काबूलच्या मुलखात नेलं. का नेलं? अहो, त्यांच्या घोड्यांनाही पाय आहेतच की! त्याच्या बदल्यात त्यांनी सरकारने धरलेली आपली माणसं परत मागितली. सरकार म्हणालं, लुटारूंशी बोलणी नाहीत. सरकारचं काय जातंय म्हणायला? एखादी गोरी मडम धरली असती तर लाटसाहेब अनवाणी धावले असते. इथं काही महिन्यांनी छावणीतून नुसता निरोप आला, नजीर मेला असावा, शोध बंद.

गुलजारबीने रडून घेतलं, पण तिच्या मनाला ते पटलं नाही.

मग खेचरवाला बहिरू रजेवर आला. तो पेठकडचा, नजीरचा सोबती. त्याने फडक्यातून एक नाल काढून तिच्या हातात ठेवला.

"भाबी, टोळीवाल्यांचं एक तट्टू आमच्या गोळीनं मेलं. त्याच्या पायातला हाय ह्यो."

तिने नाल उलटा केला. टाचेपाशी छिन्नीचे दोन तिरके घाव होते. नजीरच्या घराण्याची ही रीतच होती. बिस्मिल्ला म्हणून असे घाव घातल्याशिवाय त्यांचा नाल घोड्याला लागत नसे. आणि लोखंड कोरं, अजून झिजलेलंही नव्हतं.

"जित्ता हाय!" ती ओरडली. "बहिरूभाऊ, माझा धनी जित्ता हाय!"

"हाय. तट्टू ज्या गावचं, तिथंच साखळीनं बांधून काम करवून घेत्यात म्हणं. पण भाबी, छावणीत बोलू नको. सरहद्दीवरची सरकारची विमानं म्या पाहिलीत."

ऐकेल ती गुलजारबी कसली! शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. छावणीची तर मुळीच चढू नये. तिला वाटलं, माणूस जिवंत आहे एवढं कळलं की सरकार त्याला सोडवेल. बहिरूकडून तिने त्या गावाचं नाव घोकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी देवळाली गाठली.

साहेबासमोर ती बोलत गेली, हेडक्लार्क इंग्रजीत सांगत गेला. गावाचं नाव ऐकताच साहेब ताडकन उठला. भिंतीवरच्या नकाशात त्याने एक टाचणी खुपसली.

"काय म्हनत्यात?" तिने विचारलं.

"खूश आहेत. टोळीवाल्यांचे घोडे कुठून निघतात ते कळलं. आता विमानं जाऊन ते गाव उडवतील."

"रावसाहेब, माझा मानूस तिथं हाय!"

"आधी वरून कागद टाकतात, गाव सोडा म्हणून. माणसं डोंगरात पळतात."

"आन् ज्याला साखळीनं बांधलाय, त्यो?"

क्लार्कने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ते साहेबाला सांगितलं. साहेब खाली बसला. पेन्सिल फिरवत बराच वेळ गप्प राहिला.

ती शांतता गुलजारबीला सोसवेना. आता हा माणूस तोंड उघडून मरणच सांगणार असं तिला वाटलं. आपल्या नालाने ते गाव दाखवलं. नालच खोटा ठरला तर टाचणीही निघेल!

"खोटं बोलले मी!" ती किंचाळली. "ह्यो नाल त्याचा न्हाई! त्यो मेलाय, कवाच मेलाय! अल्लाची शपथ!" आणि साहेबाला खरं वाटावं म्हणून तिने दोन्ही हात त्याच्या टेबलावर आपटले. बांगड्यांच्या काचा उडाल्या, मनगटं रक्ताने भरली.

साहेबाने सुस्कारा सोडला. क्लार्कशी काही बोलून पेन्सिल खाली ठेवली.

"काढत्यात न्हवं टाचणी?" तिने विचारलं.

क्लार्क खाली मान घालून म्हणाला, "बाई, तट्टू त्याच गावचं होतं ना? नाल कुणाचा का असेना. तुमचा माणूस तिथं असेल म्हणून साहेब अडले होते. आता अडायचं कारण उरलं नाही म्हणतात."