नावाखाली दुसऱ्याचे आकडे

ऑफिसात तिला सगळे मुंगी म्हणत. अंगकाठी चिमूटभर, आवाज त्याहून बारीक, आणि एकदा कोडमध्ये शिरली की तळ गाठल्याशिवाय बाहेर यायची नाही, म्हणून. नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. साहेबसुद्धा गिऱ्हाइकासमोर "ते आमच्या मुंगीबाई बघतील" असं बोलून जायचे आणि मग जीभ चावायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेल्या वेबसाइटी आजारी पडल्या की त्या तिच्यापुढे आणून ठेवायच्या, हा चपलांच्या दुकानावरच्या त्या छोट्या ऑफिसचा रिवाजच होता.

तिचा टीम लीड म्हणजे तिचा सख्खा दीर. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा तो परीक्षेत गटांगळ्या खात होता. जेवणाची भांडी उचलली की त्याच टेबलावर तिनं त्याला जावा शिकवली. क्लास म्हणजे काय, ऑब्जेक्ट म्हणजे काय, सगळं तिच्याकडून. साहेबांकडे त्याच्यासाठी शब्दही तिनंच टाकला. तो तरतरीत, बोलका, गिऱ्हाइकाला दोन मिनिटांत खिशात घालणारा. बघता बघता तिच्या डोक्यावर जाऊन बसला. तिला त्याचा अभिमानच होता. वयानं लहान असला तरी ती त्याला "भाऊजी, तुम्ही" म्हणायची आणि तो तिला "वहिनी, तू". ऑफिसातही तेच चालायचं. बाकीचे गालातल्या गालात हसायचे.

प्रकरणाची सुरुवात हसण्यावारीच झाली. त्यांनी एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेसाठी साइट बनवली होती. रक्त देऊन आलं की रुग्णानं घरबसल्या लॉगिन करायचं आणि आपला रिपोर्ट बघायचा. एक दिवस प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा फोन आला: एका रुग्ण बाईंना स्वतःच्या नावाखाली पुरुषांनाच असणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीचा रिपोर्ट दिसला. पान पुन्हा उघडलं तर सगळं ठीक.

"बाईंना प्रोस्टेट!" दीर खुर्चीतून पडायचाच बाकी होता. "वहिनी, ही केस तुझी."

मुंगीही हसली आणि कामाला लागली. साइट दोन सर्व्हरवर चालायची, गर्दी वाटून घ्यायला. दोन्हीकडच्या सेटिंगच्या फाइली सारख्या असायला हव्यात. तिनं त्या शेजारी शेजारी उघडून ओळ न् ओळ ताडून पाहिली. दुसऱ्या सर्व्हरवर चाचणीच्या काळातली एक ओळ तशीच राहून गेली होती. त्या ओळीमुळे एकासाठी बनवलेलं पान सर्व्हर जपून ठेवायचा आणि पुढच्याला तेच वाढायचा. माहितीच्या पानांना हे ठीक, पण रिपोर्टाला मुळीच नाही. तिनं ती ओळ काढली, सर्व्हर पुन्हा चालू केला. साहेबांनी सगळ्यांना थंड पेयं मागवली.

पेला हातात घेऊन ती दिराच्या टेबलाशी गेली. "भाऊजी, एक खटकतंय. जपून ठेवलेलं पान आलं असतं तर नावही दुसऱ्याचंच आलं असतं ना? त्या बाईंना नाव स्वतःचं दिसलं. आकडे तेवढे दुसऱ्याचे."

"त्या बाईंनी गडबडीत काय पाहिलं देव जाणे," दीर म्हणाला. "चूक सापडली, दुरुस्त झाली. आता कशाला उकरत बसतेस?"

खरं तर तिलाही उकरायचं नव्हतं. पुढचं काम येऊन पडलं होतं, घरी सासूबाईंचे गुडघे धरले होते, जावेचे दिवस भरत आले होते. तिनं विषय सोडला. पण वाटेत, जिन्यात, भाजी निवडताना तो पायात बोचणाऱ्या काट्यासारखा ठुसठुसत राहिला.

काही आठवड्यांनी प्रमुख बाई फोन न करता स्वतःच आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. त्यांनी साहेबांच्या टेबलावर दोन कागद ठेवले. एक प्रयोगशाळेतली छापील प्रत. दुसरा एका बसचालकाच्या मोबाइलवरच्या पानाचा फोटो. दोन्हींवर नाव त्याचंच, तारीख तीच. मोबाइलवर मूत्रपिंडाचे सगळे आकडे हिरवे, ठणठणीत. छापील प्रतीत निम्म्याहून जास्त लाल.

"आकडे चांगले दिसले म्हणून हा माणूस डॉक्टरकडे परत गेलाच नाही," बाई म्हणाल्या. "पाय सुजले तर उभं राहून सुजले म्हणाला. परवा डेपोत चक्कर येऊन पडला. आता आमच्याकडेच आहे. तुमची ती चूक दुरुस्त झाली होती ना?"

कुणीच हसलं नाही. साहेबांनी दिराकडे पाहिलं, दिरानं मुंगीकडे. मुंगी फोटोवरची तारीख बघत होती. ती तारीख सेटिंगमधली ओळ काढण्याच्या आधीची होती. पण नाव बरोबर होतं. हेही तसंच. नाव बरोबर, आकडे दुसऱ्याचे.

त्या दिवशी तिनं सेटिंगच्या फाइली बंद केल्या. चाचणीच्या सर्व्हरवर खोटे रुग्ण तयार केले आणि एक लहानसा प्रोग्राम लिहिला, त्या सगळ्यांना एकाच क्षणी आपापला रिपोर्ट मागायला लावणारा. पहिल्यांदा सगळं बिनचूक. दुसऱ्यांदाही. तिनं गर्दी वाढवली. आणि मग पडद्यावर एका रुग्णाच्या नावाखाली दुसऱ्याचे आकडे आले. तिनं पुन्हा चालवलं. पुन्हा आले.

मग तिनं रिपोर्ट दाखवणारा क्लास, कोडचा तो भाग, उघडला. चूक अगदी दारातच उभी होती. एकेक काम करणाऱ्या सगळ्या फंक्शनांच्या बाहेर, क्लासच्या माथ्यावर, एक व्हेरिएबल होतं: आत्ता कोणता रुग्ण आलाय त्याचा क्रमांक ठेवायची जागा. आता अशा क्लासच्या साच्यातून सर्व्हरवर एकच ऑब्जेक्ट घडवलेला असतो. येणाऱ्या प्रत्येकाचं काम तोच एकटा करतो. म्हणजे ती जागाही सगळ्यांत मिळून एकच. दोन माणसं एका क्षणी आली की पहिल्याचा क्रमांक तिथं लिहिला जायचा, आणि त्याचे आकडे काढायच्या आत दुसऱ्याचा क्रमांक त्यावर येऊन बसायचा. नाव लॉगिनमधून यायचं, म्हणून बरोबर. आकडे त्या जागेवरून यायचे, म्हणून दुसऱ्याचे. ते व्हेरिएबल फंक्शनच्या आत असतं तर प्रत्येकाला आपापलं मिळालं असतं. एवढंच.

क्लास कुणी लिहिला ते वर बघायची तिला गरज पडली नाही. ओळी सोडायची ती पद्धत, व्हेरिएबलांची ती लांबलचक नावं तिनंच जेवणाच्या टेबलावर शिकवली होती. अपॉइंटमेंटचा क्लास उघडला, तिथंही तेच. औषधांच्या चिठ्ठ्यांचा उघडला, तिथंही. एकदा चाललं म्हणून त्यानं तोच साचा सगळीकडे उतरवला होता.

तिनं दिराला गच्चीच्या जिन्यात बोलावलं आणि लॅपटॉप त्याच्यासमोर धरला. त्यानं दोनदा वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग चेहरा पांढरा पडला.

"हे मी पहिल्याच वर्षी लिहिलं होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तू तेव्हा बघितलं का नाहीस?"

"तुम्ही दाखवलं नव्हतं, भाऊजी. गिऱ्हाइकाला तारीख देऊन बसला होतात."

तो पायरीवर बसला. मग एकदम त्याचं डोकं चालू लागलं, ते नेहमी चालायचंच. "ऐक. सर्व्हरच्या फाइलीत एक आकडा बदलायचा. एका वेळी एकच विनंती आत घ्यायची, बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. दोघं एकदम आतच आले नाहीत तर गोंधळ होणार कुठून?"

"साइट गोगलगाय होईल."

"होऊ दे. तोवर आपण क्लास गुपचूप नीट करू."

हे तिला पटलं. आग आधी आटोक्यात आणायला हवी. तिनं तिथंच, पायरीवर बसून, तो आकडा बदलला. साइट रखडत चालायला लागली. पण कुणाचे आकडे कुणाला जायचे थांबले.

"आणि ज्यांना आधीच चुकीचे गेलेत त्यांचं काय?" तिनं विचारलं. "कोण आलं आणि कुणाचा रिपोर्ट उघडला, दोन्ही सर्व्हरच्या लॉगमध्ये, नोंदींच्या फाइलीत, आहे. जुळवून बघितलं की प्रत्येक माणूस सापडेल. त्यांना कळायला हवं."

दिरानं लॅपटॉप मिटला. "वहिनी, बहुतेकांनी पान पुन्हा उघडून बरोबर बघितलं असेल. तो ड्रायव्हर सापडलाच आहे. बाकीचं जुन्या सेटिंगवर ढकलता येईल. ती ओळ होतीच ना तिथं? कुणी काही म्हणणार नाही."

"ती ओळ होती. पण यातलं काही तिनं केलेलं नाही."

"तुला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. तिसऱ्या कुणाला कळायची गरज काय?" त्याचा आवाज फुटला. "तू घरातली आहेस की परकी?"

संध्याकाळी जेवताना सासूबाई दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होत्या. मागाहून जाऊ स्वयंपाकघरात आली, पोटावर हात ठेवून ओट्याला टेकली. "ताई, मला त्यातलं काही कळत नाही. पण त्यांची नोकरी गेली तर या दिवसांत आम्ही कुठे जायचं, ते तेवढं सांगा." मुंगीनं तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला तिनं सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून ऐकत राहिला. "माझ्या लिफ्टचा ब्रेक सदोष निघाला तर मी इमारतीत पाटी लावतो," शेवटी तो म्हणाला. "पण तो माझा भाऊ आहे गं. मला नको विचारूस."

सकाळी तिनं दिराला एवढंच म्हटलं, "तुम्ही स्वतः सांगा, भाऊजी. मी शेजारी उभी राहते." तो हो म्हणाला. साहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत आलाही. मग फोन कानाला लावून, कुणाशी तरी बोलत असल्यासारखा, जिना उतरून गेला. ती एकटीच आत गेली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तांत्रिक बिघाड म्हणू. तेवढं पुरे."

"म्हणा," ती म्हणाली. "पण माणसं कोणती, ते मी प्रयोगशाळेला आज सांगणार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी."

तिचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता, म्हणून साहेबांना ते नीट ऐकू आलं की नाही याची तिला शंका आली. त्यांना ऐकू आलं होतं. ते नको म्हणाले नाहीत.

प्रयोगशाळेनं एकेकाला फोन लावले. बहुतेकांचं काही बिघडलं नव्हतं. दिरानं म्हटलं तसंच, त्यांनी पान पुन्हा उघडून पाहिलं होतं. एक बाई मात्र नसलेल्या दुखण्याच्या गोळ्या घेत होत्या. आणि दुसरा तो बसचालक. हॉस्पिटलनं काम काढून घेतलं नाही, पण लीड बदला म्हणून बजावलं. दिरानं त्याच दिवशी राजीनामा टाकला. त्या आठवड्यात तो आणि जाऊ तिच्या आईकडे राहायला गेले. पाळण्यासाठी घेतलेली दुपटी जावेनं बॅगेत भरताना सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यानंतर त्या मुंगीशी कामापुरतंच बोलत: गॅस बंद कर, दूध आलंय.

मुंगीनं सगळे क्लास पुन्हा लिहिले. प्रत्येक क्लासच्या माथ्यावरची ती जागा पुसली, जे ज्याचं ते त्याच्या फंक्शनच्या आत नेलं, आणि शेकडो खोट्या रुग्णांची गर्दी आत सोडून बघितली. एकही आकडा हलला नाही. मग तिनं सर्व्हर पुन्हा सगळ्यांना खुला केला. साइट पूर्वीसारखी झरझर चालू लागली. साहेब "शाबास" म्हणाले. तिला ते नकोसं वाटलं.

बसचालकाला भेटायला जा असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. प्रमुख बाईंनी आधी त्याला विचारलं. तो येऊ दे म्हणाला. रक्त शुद्ध करायच्या मशिनीला जोडून तो पडला होता. दणकट माणूस, हातावर पट्ट्या. शेजारी त्याची बायको मोबाइल बघत होती.

मुंगीनं जमेल तसं समजावलं. त्यानं मध्ये तोडलं नाही.

"म्हणजे मी पाहिले ते आकडे कुणाचे तरी खरे होते?" त्यानं विचारलं.

"हो. दुसऱ्या एका माणसाचे."

"तो बरा आहे ना?"

"नाव नाही सांगता येणार. पण हो, बरा आहे."

"हिला दाखवले होते मी," तो बायकोकडे बघत म्हणाला. "म्हटलं बघ, उगाच घाबरवत होतीस. त्या दिवशी आम्ही बाहेर जेवलो." त्यानं हातावरची पट्टी चाचपली. "लवकर कळलं असतं तर हे टळलं असतं का?"

"डॉक्टर म्हणतात, कदाचित."

"कदाचित," तो म्हणाला आणि त्यानं मान भिंतीकडे वळवली. बायकोनं मोबाइल खाली ठेवला. "आता जा तुम्ही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, दमणूक होती.

मुलगी झाल्याचा निरोप नवऱ्याच्या फोनवर आला. सासूबाई आणि तो जाऊन बघून आले. तिला कुणी चल म्हटलं नाही, आणि तीही हट्ट धरून उठली नाही. दिराला दुसरीकडे काम लागल्याचं तिला असंच उडत उडत कळलं.

मग एका दुपारी ऑफिसात दिराचा फोन आला. घर सोडल्यापासूनचा पहिलाच. तिनं आवाज लगेच ओळखला.

"तो माणूस कसा आहे?" त्यानं विचारलं.

तिनं होतं तसं सांगितलं. आठवड्यातून किती वेळा मशिनीवर जावं लागतं, बस आता चालवता येणार नाही, डेपोत बसून करायचं काम मिळेल अशी आशा आहे.

"मी भेटायला जाऊ का?"

"मला नाही माहीत, भाऊजी. मी गेले होते. त्यांना बरं वाटलं असं काही मला वाटलं नाही."

"काय म्हणाले?"

तिनं तेही सांगितलं, बाहेर जेवल्याचं सुद्धा. पलीकडे बाळ रडायला लागलं. मग जावेचा आवाज आला, "कोण आहे हो?" आणि फोन बंद झाला.

मुंगी फोन हातात धरून बसून राहिली. पुन्हा वाजेल असं तिला वाटलं. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "मुंगीताई, ही फाइल जरा बघता का?" तिनं फोन उलटा ठेवला आणि उठून गेली.