आवाज गेला त्या दिवसाचं जेवण

काकासाहेब उपकेंद्रात आले की मी आधी दार सताड उघडते, कारण मेंढरांचा वास त्यांच्याआधी आत येतो. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणते आणि ते हसतात. हसनाबादच्या अलीकडे त्यांची वस्ती आहे. सत्तरी उलटली तरी कळपामागे चालणं सुटलेलं नाही. मेंढराच्या बरगडीला कान लावून ते दुखणं ओळखतात. मी एकोणीस वर्षं इथे नर्स आहे, गळ्यात स्टेथोस्कोप घालून मिरवते, तरी त्यांच्या कानाची मला जरा धास्तीच वाटते.

दोन वर्षांपूर्वी ते नातीला, सहा वर्षांच्या प्रांजलीला, कडेवर घेऊन आले. पोरगी मजेत होती, म्हाताऱ्याचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"शिस्टरबाई, हिच्या छातीत तोच आवाज हाय. रेणीचा."

मी नळी लावली. ठोक्याठोक्याला सूं सूं असा खरखरीत आवाज येत होता.

रेणी म्हणजे रेणुका, त्यांची थोरली मुलगी. मी या गावात येण्याच्या कितीतरी आधी, ती नऊ वर्षांची असताना गेली. तिची हकीगत त्यांनी त्या दिवशी बाकावर बसून मला सांगितली. तिच्या छातीत जन्मापासून असाच आवाज होता. मोठ्या दवाखान्यात न्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मेंढरं कुणावर सोडायची, म्हणून काकासाहेब खंडोबाला नवस बोलले आणि रोज पोरीच्या पाठीला कान लावत राहिले. आठव्या वर्षी आवाज हळूहळू कमी झाला, मग ऐकूच येईना. त्यांनी बोकड कापला, सगळी वस्ती जेवू घातली. नवस फेडल्यावर दवाखान्यात जायचं म्हणजे देवावर संशय घ्यायचा. वर्षभरात रेणुका गेली.

"बरी झालेली पोर कशी काय गेली, ह्ये मला अजून उमगलं न्हाई," ते म्हणाले. "तीस वर्सं झाली. रानात मेंढरं चारून राह्यलो, की कानात तो आवाज सुरू व्हतो. मंग एकदम बंद पडतो."

मी त्यांचा मुलगा, प्रांजलीचा बाप कल्याण, याला बोलावून घेतलं आणि त्याच आठवड्यात आम्ही प्रांजलीला संभाजीनगरला नेलं. तिथल्या डॉक्टर प्रियदर्शनींनी तपासणी करून कागदावर चित्र काढलं.

"हृदयात चार कप्पे असतात, बाबा. मधे भिंत. उजवी बाजू अंगातून आलेलं रक्त फुप्फुसाकडे धाडते, तिथे ते शुद्ध होतं. डावी बाजू ते शुद्ध रक्त पार पायाच्या बोटांपर्यंत पोचवते, म्हणून डावीचा जोर जास्त. हिच्या मधल्या भिंतीला भोक आहे. त्यातून डावीकडचं रक्त उजवीकडे उसळतं, त्याचा हा आवाज."

"आन् आवाज आपोआप बंद झाला तर?"

डॉक्टरांना रेणुकाबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. "भोक आपोआप बुजलं असेल तर चांगलंच. पण मोठं भोक तसंच राहून आवाज गेला, तर ते फार वाईट. वर्षानुवर्षं जास्तीचं रक्त झेलून फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड होतात, उजव्या बाजूचा जोरही वाढतो. फुटलेल्या बांधाच्या दोन्हीकडे पाणी सारखं झालं की खळखळ थांबते ना, तसं. पुढे अशुद्ध रक्तच अंगात फिरायला लागतं, ओठ, नखं निळी पडतात. मग ऑपरेशनही करता येत नाही. आवाज आहे तोवर आणलंत, बरं केलंत."

काकासाहेब कागदाकडे बघत राहिले. डॉक्टरबाईंची काही चूक नव्हती, तरी मला त्यांचा भयंकर राग आला.

ऑपरेशन झालं, भोक बुजलं, आवाज गेला. घर आनंदलं आणि काकासाहेब वाळत चालले. सकाळ-संध्याकाळ प्रांजलीच्या पाठीला कान लावायचे, तिची बोटं उन्हात धरून बघायचे. पोरगी वैतागून पळून जायची.

"डॉक्टरांनी मशीनवर बघितलंय, सगळं ठीक आहे," मी एकदा चिडून म्हणाले. "आता कशाला घाबरता?"

"तवा बी असंच गप झाल्तं, बाई."



कल्याणने जेवण ठेवलं. मीही गेले होते. भर दुपारी पंगत बसली, लोक प्रांजलीचं कौतुक करत होते. काकासाहेबांनी ताटाला हात लावला नाही. बायको सगुणाबाई भाकरी वाढत त्यांच्यापुढे आल्या, तेव्हा ते सगळ्यांदेखत बोलले.

"रेणी बरी न्हवती झाली गं. आवाज गेल्ता तवाच ती चालली व्हती. आन् म्या लोकं जेवू घातली."

सगुणाबाईंनी टोपली खाली ठेवली आणि त्या नवऱ्यासमोर मातीतच बसल्या.

"मला ठाव व्हतं," त्या म्हणाल्या. "जेवणाच्या दिवशी सकाळीच तिची नखं निळी दिसल्ती. देवाचं काम, लोकं येणार, कुणी काय म्हणंल म्हणून म्या तिला नखपॉलिश लावलं. लालभडक. दिसभर सगळ्यांना हात दाखवत फिरत व्हती."