मशीन बंद करू नये

आधी रॅमचं सांगते, कारण ते मला येतं. पुढचं कसं सांगायचं ते अजून येत नाही.

डेस्कटॉपला रॅम किती लागते असं कुणी विचारलं की मी सुरूच होते. नुसतं टायपिंग, बिलं, थोडं इंटरनेट असेल तर चार जीबीत कसंबसं भागतं. फोटोचं काम असेल तर आठ पाहिजेतच. व्हिडिओ असेल तर सोळा, आणि त्याच्यापुढं हौसेला मोल नाही. पण किती लागते हा निम्मा प्रश्न झाला. किती मावते हा राहिलेला निम्मा. मदरबोर्डवर खाचा किती, एका खाचेत जास्तीत जास्त केवढी पट्टी चालते, हे बोर्ड बनतानाच ठरलेलं असतं. नंतर तुम्ही कितीही जीव टाका, ते घेत नाही.

पप्पांच्या मशीनला दोन खाचा. एकीत दोन जीबीची पट्टी, दुसरी आणल्यापासून मोकळी. त्या दोन जीबीवर पप्पांनी आमचं घर चालवलं.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे पप्पांचं फ्लेक्स डिझाईनचं दुकान. वाढदिवस, बारसं, तालमीचं मंडळ, निवडून आलेले, पडलेले, आणि श्रद्धांजली. श्रद्धांजलीत पप्पांचा हात धरणारं कोल्हापुरात कुणी नाही, हे मी मुलगी म्हणून सांगत नाही. लोक फोटो आणतात ते कसले, तर पंगतीत घास तोंडात असलेले, नाहीतर फ्लॅशनं डोळे मिटलेले. मग पप्पा त्याच माणसाच्या दुसऱ्या कुठल्या फोटोतनं डोळे काढून आणतात आणि बसवतात. गारगोटी, मुरगूड, पार गडहिंग्लजपर्यंतच्या किती गेलेल्या माणसांचे डोळे आमच्या पुढच्या खोलीत उघडलेत.

मशीन एवढं हळू की चालू व्हायलाच चहा करून, पिऊन, कपबशी धुऊन व्हायची. म्हणून पप्पांनी कॅबिनेटवर एक चिठ्ठी डकवलेली. 'मशीन बंद करू नये.' मी शाळेत होते तेव्हापासूनची. इतकी वर्षं बघितलं की चिठ्ठी दिसायची बंद होते. काम संपलं की पप्पा मशीन नुसतं झोपवायचे, म्हणजे स्लीप. पडदा काळा, पंखा गप, फक्त एक निळा दिवा लुकलुकत राहतो. जे काम उघडं आहे ते रॅममध्ये तसंच राहतं, बारीकशा करंटवर. सकाळी उठवलं की जिथं होतं तिथनं पुढं. लाईट गेली तर इन्व्हर्टर सांभाळतो, वायर निघाली की मात्र रॅम कोरी.

वर्षातनं एकदाच मशीन खरंखुरं बंद व्हायचं, खंडेनवमीला. सगळे आपापली हत्यारं पुजतात, आमचं हत्यार हेच. मी कॅबिनेट उघडून धूळ काढायचे, आई हळदकुंकू लावायची, झेंडूचं फूल ठेवायची. त्याच्याआधी आई दारातनं विचारायची, "बंद करू काय हो?"

पप्पा म्हणायचे, "थांब गं, सेव्ह करतो."

"थांब थांब म्हणत दसरा उजाडंल."

मग पप्पा सेव्ह करायचे आणि आई स्वतःच्या हातानं बटण दाबायची. दरवर्षी हेच. मी कधी नीट ऐकलंसुद्धा नाही.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आठवड्यानं आई गेली.

यंदा मला नोकरी लागली. पहिल्या पगारातनं पप्पांना काय घ्यायचं ह्याचा मी विचारसुद्धा केला नाही. रॅम. दुसरं काय. त्यात ते महिनाभर आईच्या वर्षश्राद्धाचा बॅनर करत होते, दिवसदिवस त्याच्यापुढं बसायचे, आणि मशीन सारखं अडकायचं. मी मागं जाऊन उभी राहिले की फाईल खाली घालून लपवायचे. "झाल्यावर बघ," म्हणायचे.

मी राजारामपुरीत पार्ट विकणाऱ्या काकांकडं गेले आणि सोळा जीबी मागितली. त्यांनी बोर्ड कुठलं ते विचारलं, मी सांगितलं, तर हसायला लागले.

"पोरी, बैलगाडीत ट्रकभर ऊस घालालीस व्हय? हे बोर्ड आठच घेतंय. एका खाचंत चार, दुसरीत चार. त्याच्यावर न्हाई."

"मग आठ द्या."

"विंडोज बत्तीस बिटची न्हवं? तसली असली तर चारच्या पुढचं तिला दिसतच न्हाई, पैसं पाण्यात."

"चौसष्टची हाय. मीच घातलोय." आमच्याकडं पोरीपण असंच बोलतात, घातलोय, गेलोय.

"मग ने. आन बसवायच्या आधी मशीन नीट बंद कर."

"काका, मी कॉम्प्युटरचंच शिकलोय की."

"शिकल्यालीच लई जाळत्यात," ते म्हणाले.

मी हसले. रस्त्यानं येताना दोन्ही पट्ट्या छातीशी धरून आणल्या, गाडीवर मैत्रिणीच्या मागं बसून, तिला सगळा रस्ताभर रॅमचंच सांगत.

खंडेनवमीला पप्पा सकाळीच मुरगूडला गेले, मामाला वर्षश्राद्धाचं सांगायला. आत्या, म्हणजे पप्पांची थोरली बहीण, आमच्याकडं राहायला आली होती. मी कॅबिनेट पुसायला घेतलं तशी ती आतनं आली.

"यंदा सण न्हाई आपल्यात. वर्षाच्या आत कसली पूजा करालीस?"

"आत्या, मशीनला कुठलं सुतक?"

"लई बोलतीस." पण थोड्या वेळानं तीच आईचा करंडा घेऊन आली आणि माझ्यापुढं ठेवला. "लाव जा. तिनं लावलं असतं."

पप्पांचा हिशेब साधा होता, हे मला नंतर कळलं. यंदा सण नाही म्हणजे पूजा नाही, पूजा नाही म्हणजे मशीनला कुणी हात लावणार नाही. म्हणून ते निवांत मुरगूडला गेले.

पडदा काळा होता. पंखा गप होता. निळा दिवा लुकलुकत होता आणि तो मला दिसला होता, खोटं कशाला सांगू. माझ्या डोक्यात नव्या पट्ट्या होत्या, संध्याकाळी पप्पांचं तोंड कसं होईल ते होतं. मी मागनं वायर ओढली.

दिवा विझला. जुनी पट्टी काढली, मोकळ्या खाचेतली धूळ फुंकरीनं काढली, नव्या दोन्ही पट्ट्या दाबल्या. कट कट, दोन आवाज. झाकण लावलं, हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं. चालू केलं तर आठच्या आठ दिसत होत्या. आत्याला ओढून आणून दाखवलं. ती म्हणाली, "बरं दिसतंय," आणि तिला काय दिसलं देव जाणे.

पप्पा चारच्या एसटीनं आले. चप्पल काढता काढता त्यांना फूल दिसलं. ते तिथंच थांबले.

"पूजा केलीस व्हय?"

"पूजा कसली, बसा तर. आठ झाल्या. चालू करा."

ते बसले. मशीन मिनिटभरात उठलं. मी बाजूला उभी राहून बडबडत होते, बघा कसं पळतंय, आता काय पण उघडा, अडकणार नाही. पप्पांनी आईची फाईल उघडली. झटक्यात उघडली. मामाच्या पोरीच्या लग्नातला फोटो, आई हिरव्या साडीत, डोळे मिटलेले.

पप्पांनी ती बंद केली, परत उघडली. मग म्हणाले, "भारी पळतंय की."

जेवायला बसल्यावर त्यांनी दोनच घास खाल्ले. आत्यानं खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलले, ते पण ताटाकडं बघत.

फ्लेक्सवाले कधी बॅनर खऱ्या मापात करत नाहीत. सहा फुटाचा असला तरी छोट्या मापात करायचा, प्रिंटवाला ताणून मोठा करतो, लांबनं कुणाला कळत नाही. पप्पांनी हजारो बॅनर तसेच केले. आईचा मात्र त्यांनी पुऱ्या मापात घेतलेला, सहाच्या सहा फूट.

"तिला बारीक करून ताणायचं मला जमंना," ते म्हणाले.

तेवढी मोठी फाईल दोन जीबीत मावत नव्हती. काम व्हायचं, हळू हळू व्हायचं, पण सेव्ह करायला गेलं की मशीन अडकायचं आणि मेमरी कमी आहे म्हणून सांगायचं. शेवटचं सेव्ह झालेलं ते पहिल्या आठवड्यातलं. त्यानंतरचे तीन आठवडे पप्पा सेव्ह न करताच काम करत होते. रोज नुसतं झोपवायचे, रोज उठवायचे. सगळं संपलं की फोटोच्या तुकड्यांचे एकावर एक ठेवलेले थर एकात मिसळून फाईल हलकी करायची आणि एकदाच सेव्ह करायची, असं ठरवलेलं. तीन आठवडे त्यांनी आईचे डोळे केले होते. डावा माझ्या बारशाच्या फोटोतला, उजवा कुठंच नीट मिळेना म्हणून थोडा इकडचा, थोडा तिकडचा, राहिलेला आठवून.

"झाल्तं," पप्पा म्हणाले. "आदल्या दिशी झाल्तं. म्हटलं मुरगूडस्नं येऊन एकदा बघतो आन मिसळतो."

मी म्हटलं, "मला सांगायचं नाही का," आणि लगेच वाटलं, कुणाला सांगायचं होतं त्यांनी, सांगायची वेळ ज्या प्रश्नावर यायची तो प्रश्न विचारणारी आई आता नव्हती. मी विचारलं नाही. बंद करू काय, तीन शब्दांचं काम.

आत्या म्हणाली, "पोरीला बोलू नगोस."

"मी कुठं बोलालोय," पप्पा म्हणाले. "चांगल्यासाठीच केलं की तिनं."

आठवडा होता. पप्पा परत बसले. आता मशीन अडकत नव्हतं, दर दोन मिनिटांनी सेव्ह होत होतं, पापणी लवायच्या आत. मी ऑफिसातनं आले की त्यांच्या मागं बसायचे, ते आता फाईल लपवत नव्हते. डावा डोळा झाला. उजवा बसला, पण ते मान हलवायचे. "डोळा हाय, पण ती बघंना." पुसायचे, परत करायचे. मी म्हटलं, छान झालाय पप्पा, खरंच. ते म्हणाले, "तुला बघून ती जशी बघायची तसा पायजे. आल्ता एकदा."

शेवटच्या दिवशी त्यांनी दोन्ही डोळे काढून टाकले आणि फोटो होता तसा प्रिंटला दिला.

वर्षश्राद्धाला दारात सहा फुटाची आई उभी होती, डोळे मिटून. पदराचा धागा न धागा स्पष्ट, चित्र कुठं फाटलेलं नाही, ताणलेलं नाही. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "नमस्कार करताना काढलाय जणू." मामा बॅनरपुढं उभा राहून रडला. श्रद्धांजलीचं काम घेऊन येणारा एक जण पप्पांना म्हणाला, "पावणं, आमच्या आज्याचं डोळं उघडलासा आन घरचंच ऱ्हायलं व्हय?" त्याला चेष्टा करायची होती, मग त्यालाच कसंतरी झालं. पप्पा म्हणाले, "तिचं तसंच बरं वाटलं." मी पाण्याचे पेले भरत होते. भरलेलेच परत भरत होते.

परवा मी पप्पांच्या टेबलाच्या खणात कात्री शोधत होते. कोपऱ्यात प्लास्टिकच्या पिशवीत जुनी दोन जीबीची पट्टी होती, पिशवीला वरनं चिकटपट्टी लावलेली. मी ती भंगारच्या डब्यात टाकली होती, मला पक्कं आठवतं.

मी हातात घेऊन त्यांना म्हटलं, "पप्पा, ह्याच्यात काय नसतंय आता. वायर निघाली तवाच गेलं सगळं."

"म्हाईत हाय की," ते म्हणाले. पडद्यावरनं नजर काढली नाही. "ठेव तिथंच."