तलफ किती वाजता आली?

"हं राव, तलफ किती वाजता आली?"

हा त्याचा पहिला प्रश्न. नमस्कार-चमत्कार नाही, बसा नाही, पाणी घेता का नाही. दवाखान्याच्या पायरीवर माणूस दिसला की तो खिशातलं घड्याळ काढायचा, कानाशी लावून चालू आहे ना याची खात्री करायचा आणि स्टेशनमास्तरला गाडीची वेळ विचारावी तशा आवाजात हे विचारायचा. दारू प्यायलात का, असं त्याने कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. का पिता, असंही नाही. "का ते सगळ्यांना पाठ असतं. वेळ कुणी बघत नाही," असं त्याचं म्हणणं.

तुम्हाला वाटेल डॉक्टर असणार. डॉक्टर नव्हता, कंपाउंडर होता. पन्नास सालानंतरची ती चार-पाच वर्षं. चिंचवड गावात पुण्याच्या एका डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, उरलेले दिवस कंपाउंडर हाच दवाखाना. पिंपरीकडे कारखाना उभा राहत होता आणि आमच्यासारखी बाहेरगावची माणसं गावात खोल्या शोधत हिंडत होती. दारूबंदी होती. त्यामुळे दारू नदीपलीकडे सरकली होती, इतकाच फरक.

बुटका, काळ्या टोपीचा, सतत हलणारा माणूस. काही करत नसला तर बाटल्यांवर चिकटवायच्या, डोसाच्या खुणांच्या कागदी पट्ट्या कातरत उभा राहायचा. दवाखान्यात स्टूल होतं, पण त्यावर डॉक्टरांनी टाकून दिलेली इंग्रजी मासिकं रचलेली असत. शेजारी शब्दकोश. एक पान वाचायला त्याला आठवडा लागायचा. "माझा अभ्यास चालू आहे," असं तो गंभीरपणे सांगायचा, आणि खरंच चालू होता. एका जाड वहीवर त्याने ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'व्यसन : विचार व उपचार'. आत नावं, तारखा आणि तलफेच्या वेळा. गावातली शहाणी माणसं हसायची. मीही हसायचो, त्याच वहीत माझं नाव चढेपर्यंत.

मी कारखान्यात हजेरी क्लार्क. उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे तांबडी खूण करायची हे माझं काम, आणि सगळ्यांत उशिरा मीच यायचो. कामगार फाटकाशी रांग लावून माझी वाट बघायचे. चिखलीचा एक पैलवानगडी मला रोज ऐकवायचा, "सायेब, आमी येळेवर हाय. तुमची खूण कोन करनार?"

दोनदा बेलभंडार उचलून, शपथेवर मी दारू सोडली होती. दुसऱ्यांदा उचलला त्या दिवशी तर सुटल्याच्या आनंदातच प्यालो. शेवटी सुशीला, माझी बायको, तीन वर्षांच्या मुलीला घेऊन संगमनेरला माहेरी निघून गेली. भांडून गेली असती तर बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तुमचा एक शब्द खरा निघत नाही. मला आता ऐकायचाच कंटाळा आलाय."

त्यानंतर मी चार पत्रं लिहिली. उत्तर नाही. पाचवं लिहून झालं तेव्हा हात इतके कापत होते की पत्ता मलाच वाचता येईना. कापऱ्या हातांवर औषध मागायला म्हणून मी दवाखान्यात गेलो, तर याने घड्याळ काढलं.

सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "पत्र तुम्ही लिहू नका. तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? मी लिहितो. पण वहीत असेल तेच लिहीन."

माझ्या संसाराला तेवढीच एक वाट उरली होती, म्हणून मी कबूल झालो.

त्याचा विचार साधा होता. तलफ हा बेशरमपणा नव्हे, तो आजार आहे, आणि ठरल्या वेळी चढणाऱ्या तापासारखी तिलाही वेळ असते. ती येते, चढते आणि आपण काही केलं नाही तरी उतरते. "उतरेपर्यंत माणसाला चालवायचं, बस. शपथ घेऊन पाय थांबतात राव, तलफ थांबत नाही." माझी वेळ संध्याकाळची, भोंगा झाल्यानंतरची. मी धावत दवाखाना गाठायचा, त्याने हातातला खल खाली ठेवायचा आणि आम्ही दोघांनी चालत सुटायचं. मोरयाच्या देवळावरून नदीकाठ, कधी रुळांच्या कडेने थेट आकुर्डीच्या शेतांपर्यंत. मी वाटभर त्याला शिव्या देत असे. तो घड्याळात बघत म्हणायचा, "वीस मिनिटं झाली. अजून शिव्या येताहेत. लिहून घेतो."

आकुर्डीच्या शिवारात एकदा एका म्हाताऱ्याने आम्हाला बांधावर अडवलं. एक माणूस घड्याळ धरून चालतोय, वहीत आकडे मांडतोय, दुसरा घामाघूम. म्हातारा हातातलं खुरपं टाकून पुढे आला. "जमीन मोजताय व्हय? आमी न्हाई देनार कारखान्याला. सांगून ठेवतो."

"जमीन नाही बाबा," कंपाउंडर म्हणाला, "यांची तलफ मोजतोय."

म्हाताऱ्याने मला वरून खाली न्याहाळलं. "मग लई लांब हाय," म्हणाला आणि परत कामाला लागला.

चालण्याने तलफ उतरायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. मी चिडचिडा झालो, झोप उडाली, अन्न जाईना. तेव्हा याने उपचारात भर घातली. काडेचिराइताचं कडू मिश्रण, तिन्ही त्रिकाळ. दारूने भूक मेलेली असते, भूक जागी झाली की तलफ मागे हटते, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. चमचाभराने काय होणार म्हणून त्याने डोसही सढळ ठेवला. नेमाने घेतलं जावं म्हणून दवाखान्यातच, त्याच्या समोर घ्यायचं.

आता ऐका. काडेचिराइताचं टिंक्चर स्पिरिटमध्ये काढलेलं असतं. ही गोष्ट कुठल्याही कंपाउंडरला झोपेत विचारली तरी सांगता येईल. यालाही येत होती. पण त्याच्या डोक्यात दारूचा खण वेगळा आणि औषधाचा खण वेगळा. औषधाच्या कपाटातून निघालेली वस्तू दारू असेल, हे त्याच्या मनातच आलं नाही.

मला मात्र पहिल्याच घोटाला कळलं. कडू घोट घशाखाली उतरला, कानांच्या पाळ्या गरम झाल्या आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा माझे हात स्थिर झाले. मी तोंड वाकडं केलं आणि म्हणालो, "फार कडू आहे हो."

"कडूच गुण करतं," तो म्हणाला.

पुढचा महिना मी आदर्श रोगी होतो. भोंग्याआधीच दवाखान्यात हजर. सकाळी सातला हजर. "पाणी कमी घाला, कडूपणा मुरला पाहिजे," असं मीच त्याला शिकवू लागलो. वहीतली माझी पानं कोरी राहू लागली. तलफ किती वाजता? आलीच नाही. तो इतका हरखला की आणखी चौघा-पाच जणांना तेच मिश्रण सुरू केलं. मला निर्लज्जपणे बरं वाटत होतं. आणि आत कुठेतरी जीव थाऱ्यावर नव्हता. कारखान्यात हजेरी मांडताना मी एकच ओळ दोनदा लिहायचो.

एके दिवशी त्याने मला पत्र वाचून दाखवलं. 'सौ. सुशीलाबाई यांस, आपले यजमान पूर्ण बरे झाले आहेत. एक महिना त्यांना तलफ आलेली नाही. मी हे माझ्या जबाबदारीवर लिहितो.' शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचलं. मग पाकीट माझ्या हातात दिलं. "जाता जाता स्टेशनावरच्या पेटीत टाका."

मी स्टेशनापर्यंत गेलो. पेटीशी उभा राहिलो. एक गाडी गेली, दुसरी गेली. टाकलं असतं तर ती आठवड्यात आली असती, एवढी मला खात्री होती. पण माझी खोटी कामं आजवर मीच केली होती. या वेळी तो भला माणूस त्याच्या जबाबदारीवर करत होता, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. मला त्याचा राग आला. इतकं भोळं कुणी असावं का! त्याच रागात पाकीट न टाकताच मी परत फिरलो.

"तुमच्या औषधात दारू आहे," मी दारातूनच म्हणालो.

तो हसला. मग हसू थांबलं. कपाटातून बरणी काढून त्याने वरची चिठ्ठी वाचली. 'टिंक्चर', तेही त्याच्याच अक्षरात. स्टुलावरची मासिकं त्याने एका हाताने खाली ढकलली आणि बसला. त्याला बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"पहिल्या दिवशी."

"महिनाभर गप्प राहिलात?"

मला वाटलं, आता हा मला हाकलणार. त्याने वही उघडून त्या महिन्याच्या पानांवर आडव्या रेघा मारल्या, सावकाश, एकेक. मग टोपी नीट केली. "चला राव. आज येईल ती खरी येईल."

आली. पुढचे पंधरा दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येत नाही, आणि आठवायलाही नको वाटतं. हात, पाय, जीभ, काहीच माझं नव्हतं. दिवसातून तीनतीनदा आम्ही नदी गाठली. एकदा मी रुळांवर बसकण मारली, तर त्याने दंडाला धरून ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला शिवी दिली. त्याच्याइतका मी कुणावर चिडलो नव्हतो आणि त्याच्याइतकी कुणाची वाट पाहिली नव्हती.

त्याने दुसरं पत्र लिहिलं, तेही वाचून दाखवलं. 'पूर्वी मी आपणास एक पत्र लिहिले होते, ते पोचले नाही हे बरे झाले. त्यात चूक होती व ती माझी होती. आपले यजमान बरे झाले असे मी लिहू शकत नाही. मात्र चूक माझ्या लक्षात नव्हती ती त्यांनी स्वतः येऊन सांगितली. न सांगते तर त्यांचा फायदा होता. यावे की नाही, आपण ठरवावे.'

"अशाने ती कशी येईल?" मी म्हणालो.

"वहीत असेल तेच लिहिणार म्हटलं होतं." या वेळी पत्र टाकायला तो स्वतः गेला.

त्याच आठवड्यात त्याने डॉक्टरांना सगळं सांगितलं, कारण ते मिश्रण पिणारे आणखी चार-पाच जण होते. मी त्याला गप्प बसायला सांगून पाहिलं. त्याने ऐकलं नाही. दारूबंदीचे दिवस, असल्या औषधांवर सरकारचं लक्ष. डॉक्टर घाबरले आणि त्यांनी त्याला कामावरून काढलं. सोमवारी मी गेलो तेव्हा दुसराच कुणी औषधं वाटत होता. आधीचा कुठे गेला, त्याला माहीत नव्हतं. शेजारी विचारलं. कुणी भुसावळ म्हणालं, कुणी मिरज. पत्ता कुणाकडेच नव्हता. मी एकटाच नदीपर्यंत गेलो आणि परत आलो.

येते आहे असं कार्ड टाकून सुशीला त्यानंतर आठ दिवसांनी आली. चिंचवड स्टेशनावर उतरली, ट्रंक खाली ठेवली. मुलगी तिच्या पदराआडून माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती. माझी चौकशी नाही, काही नाही. सुशीलाने पहिलं विचारलं, "ज्यांनी पत्र लिहिलं ते कुठे आहेत? मला आधी त्यांना भेटायचंय."

"ते गेले. कुठे ते ठाऊक नाही."

ती ट्रंकेवर बसली. "मी त्यांच्या भरवशावर आले," ती म्हणाली. "आता तुम्ही खरं बोलताय की नाही, ते मला कोण सांगणार?"

"मीच," मी म्हणालो. "काल संध्याकाळी तलफ आली होती. आजही येईल."

ती माझ्याकडे बघत राहिली. गाडी निघून गेली, फलाट रिकामा झाला, तरी बघत होती. मग तिने हळूच मुलीचा हात सोडला आणि तिला माझ्या दिशेने पुढे केलं.