जगदाळे साहेबांचे शेप-वन

शनिवार, १८ जानेवारी, सकाळी ०६४० वाजता. राम घाट, उज्जैन. टेबले लागली होती. रक्तदाब मोजण्याची यंत्रे तपासून झाली होती. नायब सुभेदार वामन जगदाळे, निवृत्त, माझ्यासमोर सावधान उभे राहिले आणि त्यांनी रिपोर्ट दिला.

"सब ठीक, मॅडम."

रिपोर्ट चुकीचा होता. का चुकीचा होता, ते मला दुपारी कळले.

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर डॉक्टर होते, हुद्दा कॅप्टन. जगदाळे साहेब माझ्याच युनिटमधले जेसीओ, म्हणजे शिपायापासून वर चढलेले कनिष्ठ अधिकारी. सैन्यात अधिकारीही जेसीओला 'साहेब' म्हणतो, म्हणून आम्ही शेवटपर्यंत एकमेकांना मॅडम आणि साहेबच म्हणत राहिलो. ते उज्जैनचे, मीही उज्जैनची. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या पागेत होते. माझे वडील रेल्वेत नोकरीला आले. साहेब माझ्या आधी निवृत्त झाले. मी कमिशन संपवून परतले, तेव्हा पुरुष आणि मुलग्यांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत त्यांनीच मला नेले.

नागरी वाचकांसाठी एक शब्द समजावून सांगणे आवश्यक आहे. सैन्यात पूर्ण तंदुरुस्त माणसाची वैद्यकीय श्रेणी 'शेप-वन' असते. श्रेणी उतरली की बढती अडते, चांगले कोर्स हातचे जातात आणि बराकीत टोमणे सुरू होतात. त्यामुळे वार्षिक तपासणी जवळ आली की काही जण मीठ सोडत आणि कुठून तरी गोळ्या मिळवून खात. तपासणी झाली की गोळ्या बंद. या युक्तीने आजार बरा होत नाही, फक्त कागदापुरता लपतो. मी अशा अनेकांना पकडले होते. पकडताना यंत्र धरून माझ्या शेजारी जगदाळे साहेब उभे असत.

संस्थेचे काम मला पटले होते. पुरुष दवाखान्यात येतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून दवाखाना त्यांच्याकडे न्यायचा. शाळांमध्ये मुलग्यांशी गुटख्याबद्दल बोलायचे आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी घाटावर शिबिर घ्यायचे. नावाडी, पंडे, फुलवाले, ऑटोवाले. हे प्रारूप पूर्ण विभागात न्यायचे, असे माझे उद्दिष्ट होते आणि मी ते लपवत नसे.

अडचण एका स्टिकरची होती. ज्याचा आकडा चांगला येई, त्याच्या छातीवर 'फिट मर्द' असे हिरवे स्टिकर लावून फोटो काढला जाई. ज्याचा वाईट येई, त्याला मागच्या तंबूत पाठवत. मी बैठकीत आक्षेप घेतला की ही तपासणी नसून परीक्षा आहे आणि परीक्षेला माणसे तयारी करून येतात. संचालक म्हणाले, "मॅडम, फोटो छान येतो."

प्रत्येक शिबिरात पहिले जगदाळे साहेब बसत. बाही वर, पाठ ताठ. आकडा मोठ्याने पुकारला जाई. एकशे चोवीस बाय ऐंशी. टाळ्या. मग बाकीचे धीर करत. एक ऑटोवाला दर वेळी तोच विनोद करी, "मॅडम, घरवाली को सामने बिठाओ, फिर असली बीपी आएगा." सगळे हसत आणि रांग लागे. साहेबांचा आकडा महिनोन्महिने जवळपास तोच येत होता. खरा रक्तदाब इतका शिस्तीत राहत नाही. शंका कुणी घेतली नाही, कारण तो आकडा सर्वांना हवा होता. मलाही.

जानेवारीत देणगीदार कंपनीचे पाहुणे अचानक येणार असे ठरले. शिबिर रविवारऐवजी आठ दिवस आधी, शनिवारीच घ्यायचे, असा निरोप आम्हाला आदल्या संध्याकाळी मिळाला.

पाहुणे आले. कॅमेरा लागला. मी म्हणाले, "साहेब, बसा."

"मॅडम, आज कोणा दुसऱ्याला बसवून द्या."

त्यांनी मला कधी नकार दिला नव्हता. मी कारण विचारण्याआधीच संचालकांनी त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवले. मी पट्टा बांधला. दोनशे सहा बाय एकशे चोवीस. मी यंत्र बदलायला हात पुढे केला.

"मशीन ठीक आहे, मॅडम," साहेब हलक्या आवाजात म्हणाले.

माझ्या मागून संचालकांनी पुकारले, "एकशे चोवीस बाय ऐंशी!" टाळ्या पडल्या. हिरवे स्टिकर साहेबांच्या छातीवर लागले.

मी रुग्णवाहिकेला फोन लावला. तोवर फोटोसाठी सगळे पायऱ्यांकडे निघाले होते आणि साहेबही उठले.

"साहेब, खाली बसा. हा हुकूम आहे."

ते हसले. "मॅडम, आता आपण दोघंही रिटायर आहोत."

ते पाहुण्यांच्या शेजारी सावधान उभे राहिले. फोटो निघाला. मग त्यांचा उजवा हात निसटल्यासारखा खाली लोंबला आणि ते पायरीवर कोसळले. ऑटोवाल्याने पाय धरले, मी डोके धरले. त्याने या वेळी विनोद केला नाही.

फ्रीगंजच्या इस्पितळात साहेबांच्या पत्नी, काकू, आल्या. मेंदूत रक्तस्राव आहे, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्या म्हणाल्या, "कॅम्पच्या चार-पाच दिवस आधी गोळ्या सुरू करायचे. नंतर बंद. मी म्हणायची, रोज घ्या ना. तर म्हणायचे, रोज घेतली की माणूस बीमार ठरतो. या वेळी त्यांना टाइमच नाही भेटला."

जगदाळे साहेब त्याच दुपारी गेले. अंत्यसंस्कार शिप्रेकाठीच झाले. युनिटमधून पुष्पचक्र आले. संस्थेकडून श्रद्धांजलीची पोस्ट आली. तीत घाटावरचा शेवटचा फोटो होता, छातीवर हिरवे स्टिकर होते आणि खाली लिहिले होते: अखेरपर्यंत फिट, १२४/८०.

मी दुरुस्ती मागितली. संचालकांनी कळवले की अशा प्रसंगी आकड्यांवरून वाद घालणे शोभत नाही. मी राजीनामा दिला. स्टिकर अजून चालू आहे. पुढच्या शिबिरात पहिल्या खुर्चीवर तो ऑटोवाला बसला, असे ऐकले.

साहेबांची श्रेणी खाली आणण्याचा मला आनंद नाही. पण त्यांनी आयुष्यभर इतरांचे आकडे खरे सांगितले. त्यांचाही एक तरी खरा छापला जावा, म्हणून हे लिहिले. टावर चौकाच्या गर्दीत अडकलेल्या रुग्णवाहिकेत मी तो माझ्या हाताने घेतला: २१८/१३२.