कच्ची माती भट्टीपर्यंत

नव्वदच्या दशकात मी कंत्राटी सुतार म्हणून कुवेतला गेलो. दरवाजे, कपाटं, ऑफिसांची पार्टिशनं, हेच काम. एका शुक्रवारी फोरमन म्हणाला, "फिंतासला एका जपानी बाईकडे जा. कसलातरी स्टँड हवाय." मला वाटलं, टीव्हीचा असेल.

बाई साठीच्या आसपासच्या. नवरा शुऐबाच्या रिफायनरीत इंजिनियर. बेडरूममधला पलंग भिंतीला उभा टेकवून त्यांनी तिथे मातीकाम मांडलं होतं. दार उघडल्याबरोबर ओल्या मातीचा वास आला आणि मी जरा थबकलोच. सुतारकी शिकण्याआधी गावी मामाच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, मी दोन मोसम माती मळली होती. इतक्या वर्षांत तो वास विसरलो होतो.

बाईंनी अलगद प्लॅस्टिक बाजूला केलं. आत कमरेइतकं उंच, पोकळ, एका अंगाला झुकलेलं काहीतरी होतं. ना भांडं, ना माणूस. कडा पापडासारख्या पातळ. दोरीवरची चादर उडता उडता थांबावी तसं दिसत होतं.

"काय आहे हे?" मी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"विंड," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर उडणाऱ्या धुळीकडे बोट केलं.

मी बुडाचं माप घेत होतो, तेव्हा त्यांनी एक खोका पुढे ओढला. आत नुसते तुकडे. भट्टी दूर एका शाळेत होती. आधीचं शिल्प तिथे नेताना रस्त्यातल्या गतिरोधकावर गाडी उडाली होती. "कार. जंप," त्या म्हणाल्या, आणि हातांनीच तुकडे करून दाखवले.

"मी नेतो," मी म्हणालो. कच्ची माती कशी न्यायची, एवढं तर मला येत होतं.

पुढच्या शुक्रवारी कंपनीची हाफ लॉरी, म्हणजे छोटा ट्रक, मागून घेतली. ड्रायव्हर रत्नागिरीकडचा मुसलमान, माझा जिवलग. आम्ही मागे ट्रकची ट्यूब अर्धवट फुगवून ठेवली, तिच्यावर फळी, आणि फळीवर शिल्प. एका बाजूने मी फळी धरली. दुसरी बाजू धरायला बाई स्वतः चढून बसल्या. पुढे बसा म्हटलं, तर ऐकेनात.

लॉरी मुंगीच्या पावलांनी निघाली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "गाववाले, चालत गेलो असतो तर आतापर्यंत पोचून चाय झाली असती."

अर्ध्या वाटेत पोलिसाने थांबवलं. मागे माणसं बसवायची नाहीत, हे आम्हालाही ठाऊक होतं. त्याने प्लॅस्टिककडे बघून काही विचारलं.

"तीन," ड्रायव्हर म्हणाला.

मला वाटलं, आम्हाला मोजतोय. मग कळलं, अरबीत मातीला तसंच म्हणतात. पोलिसाने पुन्हा विचारलं. बाई हळूच म्हणाल्या, "विंड." ड्रायव्हरने अरबीत सांगितलं, "हवा."

हा शब्द सगळ्यांचाच. पोलिसाने वाकून त्या पोकळीतून आरपार पाहिलं. मग तळहातावर फुंकर मारली आणि हसला. "हवा," तो म्हणाला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. आम्ही दंडाच्या पावतीची वाट पाहत राहिलो, तर त्याने दिवा चालू करून आम्हाला पुढे जायची खूण केली. शाळेपर्यंत तो मागून आला. एकही हॉर्न वाजला नाही. बाई तोंडावर हात ठेवून हसत होत्या, आणि मी पुटपुटलो, "मोरया."

चार दिवसांनी भट्टी उघडली. शिल्प अखंड, रंग ओल्या वाळूचा. मी मोठ्या ऐटीत स्टँड पुढे केला. शिल्प त्याच्या खाचेत बसेना, डुगडुगायला लागलं. भाजल्यावर माती आक्रसते, हे मला कुठून माहीत असणार? आमचे गणपती कधी भाजलेच जात नाहीत. माझं तोंड पडलं. बाईंनी कपाळावर हात मारला आणि पोटभर हसल्या. सांगायचं त्याच विसरल्या होत्या. मी दुसरा स्टँड केला.

पुढे बाईंच्या शिल्पांचं प्रदर्शन भरलं, त्याला मला आणि ड्रायव्हरला, दोघांनाही बोलावणं आलं. इस्त्रीचे शर्ट घालून आम्ही कोपऱ्यात उभे होतो. सुटातले पाहुणे शिल्पाभोवती जमले, तेव्हा बाईंनी आम्हाला हाताला धरून मध्ये नेलं. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "टेबल." ड्रायव्हरकडे बोट करून म्हणाल्या, "रोड." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हर लाजेने लालबुंद झाला.

त्यानंतर त्या कुवेतमध्ये होत्या तोवर, दोन वर्षं, माझे शुक्रवार फिंतासला गेले. मी माती मळून द्यायचो, त्या मला पोकळ आकार उभा करायला शिकवायच्या. माझे बहुतेक कोसळायचेच. "अगेन," त्या म्हणायच्या.

सुट्टीवर गावी गेलो तेव्हा परसात विटांची भट्टी रचली. पहिल्या खेपेला सगळं फुटलं. बायको म्हणाली, "दुबईला जातात ते सोनं आणतात, तुम्ही हे शिकून आलात." दुसऱ्या खेपेला दोन नग धड निघाले. त्यातला मोठा तिने उचलला, चारी बाजूंनी न्याहाळला आणि शेजारणीला दाखवायला घेऊन गेली.